पाण्याचा पारखी : रॉबर्ट बॉइल

(रॉबर्ट बॉइल यांचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध सांगणारा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण याच शास्त्रज्ञाने पाण्यात काय मिसळले आहे हे दोन-चार थेंबांत ओळखण्याच्या रीती शोधल्या व त्या लिहून ठेवल्या. या पाठात त्यांच्या जीवनाची आणि त्या कामाची ओळख करून दिली आहे.)

नितळ दिसणारे पाणी पिण्यास चांगलेच असते, असे नाही. पाणी गढूळ असेल तर ते डोळ्यांना दिसते. घाण वास नाकाला कळतो आणि खारटपणा जिभेला समजतो. परंतु पाण्यात विरघळलेले कितीतरी पदार्थ डोळे, नाक आणि जीभ या तिघांनाही चकवतात. आपल्या चांदवड परिसरातील विहिरींचे उदाहरण घ्या. येथे जमिनीखाली काळा कातळ आहे. त्या कातळातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार उतरतात. असे पाणी दिसायला स्वच्छ असते. पण त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही. कांद्याच्या शेतात टाकलेल्या खताचा काही अंश पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरला, तर तो मुळीच दिसत नाही. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो.

मग पाण्यात काय आहे हे जागच्या जागी आणि थोड्या वेळात कसे ओळखायचे? हा प्रश्न फार जुना आहे. थोर हकीम इब्न सीना (इ. स. ९८० ते १०३७) यांनी आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात एक सोपी युक्ती दिली आहे. सारख्या वजनाची दोन फडकी घ्यावीत. एक फडके एका पाण्यात आणि दुसरे दुसऱ्या पाण्यात भिजवावे. दोन्ही पूर्ण वाळवून पुन्हा वजन करावे. जे फडके हलके भरेल त्याचे पाणी अधिक चांगले समजावे. याचे कारण उघड आहे. पाणी उडून जाते, पण त्यातील क्षार फडक्यातच राहतात. या युक्तीने कोणत्या पाण्यात जास्त पदार्थ विरघळले आहेत हे कळते. मात्र ते पदार्थ कोणते, हे कळत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर पद्धतशीरपणे शोधणाऱ्यांत रॉबर्ट बॉइल यांचे नाव अग्रभागी आहे.

रॉबर्ट बॉइल यांचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजी आयर्लंडमधील लिस्मोर येथे झाला. त्यांचे वडील रिचर्ड बॉइल हे कॉर्कचे उमराव होते. त्या काळच्या अतिशय श्रीमंत लोकांत त्यांची गणना होत असे. रॉबर्ट हे त्यांचे चौदावे अपत्य. आई वारली तेव्हा रॉबर्ट अवघे तीन वर्षांचे होते. लहानपणी इतर मुलांच्या तोतरेपणाची नक्कल करता करता त्यांना स्वतःलाच अडखळत बोलण्याची सवय लागली. ती पुढे जन्मभर गेली नाही.

आठव्या वर्षी त्यांना इंग्लंडमधील ईटन येथील शाळेत घातले. बाराव्या वर्षी ते एका शिक्षकाबरोबर युरोपच्या प्रवासाला निघाले. जिनिव्हा येथे राहून त्यांनी अभ्यास केला. नंतर ते इटलीतील फ्लॉरेन्स शहरी गेले. ते तेथे असतानाच, जानेवारी १६४२ मध्ये, शहराजवळच राहणाऱ्या गॅलिलिओ यांचे निधन झाले. गॅलिलिओ यांची पुस्तके वाचून बॉइल यांच्या मनावर खोल परिणाम झाला. मोठ्या लोकांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नये, ती प्रयोगाने तपासून पाहावी, हा विचार त्यांच्या मनात रुजला.

पुढे वडिलांचे निधन झाले. बॉइल इंग्लंडला परतले. त्यांच्या वाट्याला जमीनजुमला आला होता. ऐषआरामात दिवस घालवणे त्यांना सहज शक्य होते. पण त्यांनी आपला पैसा भट्ट्या, काचेची भांडी आणि पुस्तके यांवर खर्च केला. इ. स. १६५५ च्या सुमारास ते ऑक्सफर्ड येथे राहायला गेले. तेथे एका औषधविक्रेत्याच्या घरी त्यांचे बिऱ्हाड होते. तरुण आणि हुशार रॉबर्ट हूक त्यांना मदतनीस म्हणून मिळाले. दोघांच्या प्रयत्नातून हवा उपसून काढणारा पंप तयार झाला. त्यावरील प्रयोगांतून पुढे, इ. स. १६६२ मध्ये, वायूविषयीचा प्रसिद्ध नियम जगापुढे आला. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या संस्थापकांत बॉइल यांचा समावेश होता.

बॉइल यांची प्रकृती नाजूक होती. तरुणपणीच्या एका आजाराने त्यांची दृष्टी अधू झाली. त्यामुळे पुष्कळसे लेखन ते मदतनिसांना तोंडी सांगून लिहवून घेत. असे असूनही रंगांच्या बदलावरून पदार्थ ओळखण्याचे शास्त्र पुढे नेण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

तुमच्या घरी खोकल्यासाठी हकीमसाहेबांनी दिलेले बनफशाचे सरबत कधी आले असेल. बनफशाच्या जांभळ्या-निळ्या फुलांचे असेच सरबत त्या काळी युरोपातील औषधविक्रेते विकत असत. बॉइल यांनी ते प्रयोगासाठी वापरले. सरबताचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून त्यावर त्यांनी आम्लाचा थेंब सोडला. निळा रंग लगेच तांबडा झाला. दुसऱ्या थेंबावर अल्कली टाकले, तर रंग हिरवा झाला. काही द्रवांनी रंग मुळीच बदलला नाही. असा प्रकार कधीतरी कोणाला दिसला असेलही. पण बॉइल यांनी तो निरनिराळ्या पदार्थांवर पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि त्यातून एक कसोटी तयार केली. रंग तांबडा झाला तर आम्ल, हिरवा झाला तर अल्कली आणि बदलला नाही तर या दोन्हींहून वेगळा पदार्थ. इ. स. १६६४ मध्ये रंगांविषयीच्या आपल्या पुस्तकात त्यांनी ही माहिती छापली. आज तुम्ही प्रयोगशाळेत लिटमस कागद वापरता, त्यामागे हेच तत्त्व आहे.

इ. स. १६६८ मध्ये बॉइल लंडनला आपली बहीण कॅथरिन यांच्या घरी राहायला आले. कॅथरिन विदुषी होत्या आणि त्यांना भावाच्या कामात रस होता. त्या घरात प्रयोगशाळा थाटली गेली. दोन वर्षांनी बॉइल यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हलवणेही कठीण झाले. पण धीर न सोडता ते हळूहळू बरे झाले आणि पुन्हा कामाला लागले.

त्या काळी इंग्लंडमध्ये औषधी झऱ्यांवर लोकांची मोठी गर्दी होत असे. अमुक झऱ्याचे पाणी प्यायले की तमुक आजार बरा होतो, असे लोक सांगत. वैद्यांमध्ये यावरून वाद होत. पाण्यात नेमके काय आहे हे मात्र फार थोड्यांनी तपासले होते. बॉइल यांनी या विषयावर एक लहानसे पुस्तक लिहिले. ते इ. स. १६८५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाणी तपासणाऱ्याने कोणकोणते प्रश्न मनात ठेवावेत, याची त्यांनी यादीच दिली. पाणी कोणत्या जमिनीतून येते? ते थंड आहे की उष्ण? ते जड आहे की हलके? ठेवल्यावर त्याचा रंग बदलतो का? आटवल्यावर तळाशी काय उरते?

पाण्यातील लोह ओळखण्यासाठी मायफळाची कसोटी होती. मायफळालाच उर्दूत माजूफल म्हणतात. बाळगुटीत ते उगाळले जाते. मायफळाची पूड लोहयुक्त पाण्यात टाकली की पाणी जांभळट किंवा काळे होते. जुन्या काळी कातिब ज्या काळ्या शाईने किताबत करत, त्यांपैकी एक प्रकारची शाई याच दोन पदार्थांपासून बनत असे. आपल्या भागात डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबाची साल लोखंडी कढईत उकळली तर पाणी काळे पडते. तेही याच कारणाने होते.

मायफळाची कसोटी बॉइल यांच्या आधीपासून ठाऊक होती. त्यांनी ती काळजीपूर्वक कशी वापरावी हे सांगितले. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. लोह असलेले झऱ्याचे पाणी बाटलीत भरून दूर नेले किंवा बराच वेळ उघडे ठेवले, तर हवेमुळे लोहाचा तांबूस गाळ तळाशी बसतो. मग वरच्या पाण्यात मायफळ टाकूनही रंग येत नाही. म्हणजे झऱ्यापाशी एक उत्तर मिळते आणि घरी नेल्यावर दुसरे. म्हणूनच काही परीक्षा पाण्याच्या काठीच करायला हव्यात. आजचे शास्त्रज्ञही हा नियम पाळतात.

बॉइल यांच्या कसोट्यांचा खरा कस इ. स. १६८३ मध्ये लागला. त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे सुरत आणि मुंबईला येत. बॉइल काही वर्षे या कंपनीच्या संचालकांपैकी एक होते. इंग्लंडहून हिंदुस्थानला पोहोचायला कित्येक महिने लागत. पिण्याचे पाणी लाकडी पिंपांत भरून न्यावे लागे. ते लवकर नासत असे. चोहीकडे समुद्र असूनही खलाशी गोड्या पाण्यासाठी तळमळत. अशा वेळी समुद्राचे पाणी गोडे करण्याची युक्ती सापडल्याचा दावा रॉबर्ट फिट्झजेरल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. राजा दुसरा चार्ल्स याने त्यांना तसा परवानाही दिला. हे पाणी खरोखर गोडे आहे का, हे तपासण्याचे काम बॉइल यांच्याकडे आले. फिट्झजेरल्ड हे तर त्यांचे भाचेच होते.

चव घेऊन निर्णय देणे सोपे होते. पण चव माणसागणिक बदलते. एकाला जे गोडे वाटते ते दुसऱ्याला मचूळ लागते. शिवाय नात्यातल्या माणसाच्या पाण्याला मामाने चांगले म्हटले, तर लोकांनी विश्वास का ठेवावा? आणि निर्णय चुकला तर त्याची किंमत भर समुद्रातील खलाशांना मोजावी लागणार होती. म्हणून ज्यात कोणाच्या आवडीनिवडीला जागा नाही, अशी कसोटी बॉइल यांना हवी होती. ती त्यांना चांदीत सापडली.

चांदवडला आपण चांदीचे गाव म्हटले तरी चालेल. पूर्वी येथे टांकसाळ होती आणि येथला चांदवडी रुपया दूरवर चालत असे. अशी चांदी नायट्रिक आम्लात विरघळवली की द्राव तयार होतो. शुद्ध चांदीचा द्राव पाण्यासारखा रंगहीन असतो. त्याचे काही थेंब शुद्ध पाण्यात टाकले तर काहीच होत नाही. पण पाण्यात मीठ असेल तर लगेच पांढरा ढग उठतो. मीठ जास्त असेल तर दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा साका तळाशी बसतो. जिभेला कळणार नाही इतके थोडे मीठही या द्रावाला सापडते. बॉइल यांनी गोड्या केलेल्या पाण्याची अशी परीक्षा घेतली आणि ते पाणी चांगले असल्याचा निर्वाळा दिला. तो निर्वाळा नात्यावर नव्हे, तर प्रत्येकाच्या डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्यावर उभा होता. या कसोटीचे वर्णन त्यांनी ऑक्टोबर १६८३ मध्ये लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, इ. स. १६९३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

बॉइल यांचे सगळेच विचार पुढे खरे ठरले असे नाही. हलक्या धातूचे सोने करता येईल, असा त्या काळच्या अनेक कीमियागरांप्रमाणे त्यांचाही विश्वास होता. मात्र त्यांचा एक गुण फार मोठा होता. कीमियागर आपल्या रीती गूढ भाषेत लिहीत. बॉइल बहुतेक वेळा आपला प्रयोग सविस्तर आणि साध्या भाषेत सांगत. फसलेल्या प्रयोगांवरही त्यांनी निबंध लिहिले. प्रयोग का फसला हे कळले, तर पुढच्याचे श्रम वाचतात, अशी त्यांची धारणा होती. इ. स. १६८० मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले होते. त्यासाठी घ्यावी लागणारी शपथ मनाला न पटल्यामुळे त्यांनी ते पद नाकारले.

बहीण कॅथरिन यांचे २३ डिसेंबर १६९१ रोजी निधन झाले. त्यानंतर आठच दिवसांनी, ३१ डिसेंबर रोजी, बॉइल यांनीही जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या कसोट्या मात्र थांबल्या नाहीत. इ. स. १८५६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ मोर यांनी चांदीच्या कसोटीला मापाची जोड दिली. चांदीच्या द्रावाचे किती थेंब लागले हे मोजून पाण्यात क्लोराइड किती आहे, हे सांगता येऊ लागले. आज एका छोट्या पेटीत मावणारा पाणी तपासणी संच मिळतो. त्यात लहान कुप्या, थेंब टाकण्याच्या बाटल्या आणि रंगांचा तक्ता असतो. आम्लता, क्लोराइड, लोह, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट यांची तपासणी विहिरीच्या काठावरच काही मिनिटांत करता येते. इ. स. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना असे संच वापरण्याचे शिक्षण देण्यात आले आहे.

हे का करायचे? कारण या न दिसणाऱ्या पदार्थांचे परिणाम फार गंभीर असतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लीटर पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. त्याहून जास्त असल्यास तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटण्याचा धोका असतो. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. आपल्या राज्यात चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दात डागाळतात आणि हाडे वाकतात. शिवाय पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट किंवा फ्लोराइड जात नाही.

संचाची मर्यादाही ओळखली पाहिजे. संच ज्या पदार्थासाठी बनवला आहे तेवढ्यालाच तो उत्तर देतो. दुसरे एखादे विष पाण्यात असेल तर तो गप्प राहतो. म्हणून संचाने धोका दाखवला किंवा शंका आली, तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. तोपर्यंत ते पाणी पिऊ नये.

साडेतीनशे वर्षांपूर्वी एका अधू डोळ्यांच्या माणसाने पाण्यात थेंब टाकून रंग पाहिला. त्याने कोणाच्या शब्दावर विसंबून पाण्याला चांगले किंवा वाईट म्हटले नाही. पाणी तपासण्याची रीत त्याने सर्वांसाठी लिहून ठेवली. आज गावातली शाळकरी मुलगीही ती रीत वापरून आपल्या विहिरीचे पाणी पारखू शकते.

शब्दार्थ

नितळ – स्वच्छ, तळ दिसेल असे
पारखी – परीक्षा करून ओळखणारा
चकवणे – फसवणे
अधू – कमजोर
बिऱ्हाड – राहण्याची जागा
कसोटी – परीक्षा
साका – द्रवाच्या तळाशी बसलेला गाळ
मचूळ – किंचित खारट, बेचव
निर्वाळा देणे – खात्रीने सांगणे
टांकसाळ – नाणी पाडण्याचा कारखाना
कीमियागर – हलक्या धातूचे सोने करू पाहणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रॉबर्ट बॉइल यांचा जन्म कोठे झाला?
(आ) बनफशाच्या सरबतात आम्ल टाकल्यावर कोणता रंग येतो?
(इ) पाण्यातील मीठ ओळखण्यासाठी बॉइल यांनी कोणता द्राव वापरला?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) इब्न सीना यांच्या फडक्यांच्या युक्तीने काय कळते आणि काय कळत नाही?
(आ) लोहयुक्त पाण्याची परीक्षा झऱ्यापाशीच का करावी?
(इ) बॉइल यांना भाच्याच्या पाण्यासाठी चवीपेक्षा वेगळी कसोटी का हवी होती?

प्र. ३. जोड्या लावा.
(अ) मायफळ – (१) क्लोराइड
(आ) चांदीचा द्राव – (२) आम्ल व अल्कली
(इ) बनफशाचे सरबत – (३) लोह

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
चकवणे, निर्वाळा देणे, धीर न सोडणे, निरोप घेणे.

उपक्रम : दोन ठिकाणचे पाणी आणा. दोन सारख्या बाटल्यांत सारखे पाणी घेऊन प्रत्येकीत साबणाच्या पाण्याचे पाच थेंब टाका व हलवा. कोणत्या पाण्यात फेस जास्त येतो ते वहीत लिहा. आम्ल किंवा चांदीचा द्राव यांचे प्रयोग शिक्षकांशिवाय करू नका.